भरल्या गाडीला साइड

एकदा एक तरुण एका वृद्धाकडे निवाडा करण्याची विद्या शिकायला गेला. विद्या हा शब्द तरुणाचा. वृद्धाने स्वतः तो कधी वापरला नसता. गावातली माणसे भांडली की कोर्टाची पायरी चढण्याआधी एकदा या आबांच्या ओसरीवर येऊन बसत, आणि पुष्कळदा ती पायरी चढण्याची गरज उरत नसे, एवढेच.

तरुणाचे नाव दिगंबर. कॉलेज शिकलेला, स्वभावाने सरळ, इंग्रजी चांगले. आबांच्या शेजारी बसून ऐकत राहिलो तर आपल्यालाही माणसांमधला गुंता सोडवता येईल, अशी त्याची श्रद्धा होती.

पहिल्या दिवशी आबांनी त्याला विचारले, "तुला इंग्रजी येतं म्हणे?"

"येतं, आबा."

"मग मला साइड म्हणजे काय ते सांग. जो येतो तो हा शब्द टाकून जातो."

"साइड म्हणजे बाजू."

"एवढंच?"

"एवढंच."

आबा हसले. "बरं. एस्टी स्टँडसमोरच्या हॉटेलात जा. चहा घे. बोलू नकोस, नुसता बस. संध्याकाळी ये."

गुरूने दिलेले पहिले काम चहा पिण्याचे निघाले, याचे दिगंबरला नवल वाटले. पण तो गेला. कोपऱ्यातल्या बाकावर बसला. थोड्याच वेळात हॉटेलवाल्याने त्याला उठवले, "पाव्हणं, जरा साइडला सरका, भजी उतरायची हायत." मग एक ट्रकवाला आत येऊन कुणालातरी शिव्या देऊ लागला, की हॉर्न वाजवून वाजवून हात दुखला तरी त्या जीपवाल्याने साइड दिली नाही. त्याच्यासमोर बसलेल्या म्हाताऱ्याने गोळ्यांची पुडी दाखवली आणि म्हणाला, "ह्याच्यानं गुडघ्याचं दुखणं राहिलं, पण साइड इफेक्ट असा, की आता पोट धरतंय." दोन बायका लग्नाच्या याद्यांवरून बोलत होत्या, मुलाच्या साइडची माणसे फार आणि मुलीच्या साइडची सोशीक, असा त्यांचा निष्कर्ष होता. एक मास्तर शाळा सांभाळून साइडला कोंबड्या पाळत होते. आणि दारात उभ्या केलेल्या मोटारसायकलवर हॉटेलवाला ओरडला, "अरे, साइड स्टँड काढ की! पडशील आणि माझ्या हॉटेलाचं नाव होईल!"

संध्याकाळी दिगंबरने हे सगळे सांगितले. आबा मांडीवर हात मारून हसले.

"बघ, किती राबतोय बिचारा. आपल्या गावात नांगराच्या बैलालाही एवढं काम नाही."

"पण आबा, यातून मी शिकायचं काय?"

"आत्ताच काही नको. शब्द कानात राहू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरलिंग शेटे आले. पेठेत त्यांचे बैलांच्या साजाचे दुकान होते: कासरे, वेसणी, घुंगरमाळा, रंगीत गोंडे. सुताचा दोर वळण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. पांढरेशुभ्र धोतर, पांढरा सदरा, कपाळावर भस्म. चार गावांत त्यांना मान होता. ते ओसरीवर बसले आणि पाणीही न पिता म्हणाले,

"आबा, या वेळी तुम्ही माझी साइड घ्यायची. दुसरं काही मागत नाही."

आबांनी दिगंबरकडे पाहिले. दिगंबरने ओठ दाबून हसू आवरले.

"काय झालं, शेट?"

"रेवणनं घर सोडायचं ठरवलंय. बायकोला घेऊन इचलकरंजीला चाललाय. उद्या सकाळी टेंपो येणार."

रेवण हा शेट्यांचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो इतका लहान होता, की शेट्यांनीच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवला होता. दोघांचे दुकान एक. पण बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणापासून दोघांमध्ये शब्द नव्हता आणि आता ऊस तोडणीला आला होता.

"बेंदराच्या आदल्या दिवशी," शेटे सांगू लागले, "दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्या गावाला बैल सजवायचे. दोर संपत आला होता. एक गिऱ्हाईक अडून बसलं, की माझ्या खिलारी बैलाला गोंड्याचा दोर पाहिजेच. माझ्याकडे एक सुती दोरी पडून होती, लाल गोंड्याची. ती मी देऊन टाकली. रेवणनं ते बघितलं. आणि आबा, भर दुकानात, चार गावच्या माणसांसमोर तो मला म्हणाला, 'तुला माणसं कळत नाहीत, अण्णा. तुला नुसते दोरखंड कळतात.' हातातल्या घुंगरमाळा भुईवर आपटल्या आणि गेला. तो आलाच नाही. एका दोरीवरून!"

"दोरी कसली होती?" आबांनी विचारले.

शेट्यांनी भिंतीकडे पाहिले. "पाळण्याची. मीच वळली होती, त्याच्या बाळासाठी. पण ज्येष्ठात ते मूल… जन्मलं तेच गेलेलं. म्हणजे आता ती लागणार नव्हती." मग त्यांनी आवाज चढवला. "ते दुःख होतंच, मी कुठं नाही म्हणतो? पण म्हणून थोरल्या भावाला बाजारात असं बोलायचं? त्यानं त्याच दुकानात, तशाच चारचौघांत माझी माफी मागावी. मग मी सगळं विसरलो. तुम्ही हे त्याला सांगा. तुमचं तो ऐकेल."

दिगंबरला निवाडा स्पष्ट दिसत होता. दोरी दुकानातली, ती दिली यात गुन्हा नाही. अपमान चारचौघांत झाला, त्याला साक्षीदार आहेत. माफी धाकट्यानेच मागितली पाहिजे.

"आबा, शेटजींचं बरोबर आहे," तो हळूच म्हणाला.

"बरोबरच आहे," आबा म्हणाले आणि उठले. "मला मळ्यातून कडबा आणायचाय. गाडी जुंपतो. शेट, तुम्ही पण चला, वाटेत बोलू. दिगंबर, तूही बस."

मळ्याची वाट एका पाणंदीतून जात असे. दोन्हीकडे पुरुषभर उंचीचे बांध, बांधावर घायपात, आणि मध्ये एका गाडीची रुंदी. पाणंदीत शिरण्याआधी गाडीवानाने आरोळी द्यायची आणि पलीकडून उत्तर आले नाही तरच बैल आत घालायचे, अशी त्या गावची रीत होती. कारण आत दोन गाड्या समोरासमोर आल्या तर बगल द्यायला जागाच नव्हती. आबांनी तोंडावर हात धरून आरोळी दिली. थांबले. कुणी उत्तर दिले नाही. मग त्यांनी गाडी आत घातली.

रिकामी गाडी खडखडत चालली होती. शेटे वाटभर बोलत होते. आबा हुंकार देत होते. पाणंद संपत आली, पलीकडची मोकळी शेते दिसू लागली, आणि नेमकी त्याच वेळी समोरून उसाची गाडी आत शिरली. मोळ्या इतक्या रचलेल्या, की उसाचे शेंडे दोन्ही बांधांना घासत होते. वर एक बाई बसली होती, कारखान्याच्या हंगामासाठी बीडकडून आलेली. तिने बैल ओढून थांबवले.

शेटे उभे राहिले. "अहो बाई, आरोळी दिलेली ऐकू आली नाही का?"

"नाही ना, दादा. बैलांच्या घुंगरांत काही ऐकू येत नाही," ती म्हणाली. "मला इथली रीतही नवीच आहे. चुकलं माझं."

"मग घ्या मागे."

बाईने एकदा मागच्या मोळ्यांकडे आणि एकदा शेट्यांकडे पाहिले. "कशी घेऊ, ते सांगा."

शेटे आबांकडे वळले. "आपण आधी शिरलो. आरोळी आपण दिली. पाणंद आपण जवळजवळ पार केली. ती तर आत्ता कुठं शिरतेय. चूक ती स्वतः कबूल करतेय!"

आबा खाली उतरले होते. शांतपणे त्यांनी जुवातून बैल सोडले. "शेट, उतरा. तुम्ही त्या चाकाला लागा. दिगंबर, तू ह्या. जू मी धरतो."

"म्हणजे? आपण मागे जायचं? सगळी पाणंद?"

"सगळी."

दिगंबरला वाटले, आबांना ऐकू आले नसावे. पण आबा जू उचलून उभे होते. तेव्हा चार गावांत मान असलेले गुरलिंग शेटे आपले धोतर वर खोचून गाडीच्या चाकाला लागले. गाडी मागे मागे जाऊ लागली. आबांचे बैल गरीब. मोकळे झाले तरी ते आबांमागून सावकाश चालत राहिले, आणि त्यांच्यामागून उसाची गाडी. चाक एकदा बांधात घुसले, एकदा दगडावर अडले. शेटे घायपातीवर रेलले आणि सदऱ्याची बाही फाटली.

"लावा की जोर, शेटजी!" उसावरून बाई म्हणाली. "धोतराला लागलेली माती धुऊन निघती!"

"तुम्ही गप बसा हो!" शेटे धापा टाकत म्हणाले, आणि मग त्यांनाच हसू आले. पुष्कळ दिवसांनी आले असावे. कारण हसल्यावर त्यांचा चेहरा जरा वेळ ओळखू येईना.

पाणंदीच्या तोंडाशी आल्यावर गाडी बाजूला लावली. उसाची गाडी डुलत डुलत बाहेर पडली. बाईने मोळीतून चांगले लांब ऊस उपसले आणि त्यांच्या पुढ्यात टाकले. "आमच्याकडं वाट दिली की ऊस देतात. खाऊन घ्या, दमलात." आणि ती गेली.

तिघे बाभळीच्या सावलीत बसले. आबांनी ऊस मांडीवर मोडून दोघांना कांडी दिली. बराच वेळ नुसता सोलण्या-चोखण्याचा आवाज होता. शेवटी दिगंबरला राहवले नाही.

"आबा, चूक त्या बाईंची होती. तुम्ही आरोळी दिली होती. मग मागे आपण का यायचं?"

आबांनी चोथा थुंकला.

"चूक तिचीच होती. पण चूक कुणाची हे ठरवून पाणंद मोकळी होत नाही, बाळा. तिची गाडी भरलेली होती. भरलेली गाडी मागं घेता येत नाही. मनात असलं तरी येत नाही. बैल सोडले तर सगळा भार एकीकडे येतो, जू वर उडतं आणि गाडी कलंडते. तिनं चूक कबूल केली, तुम्ही ऐकलं. तरी तिला मागं सरता येईना. म्हणून तिनं विचारलं, कशी घेऊ ते सांगा. ते उर्मटपणानं नव्हतं. खरंच विचारत होती."

शेट्यांचे चोखणे थांबले होते.

"म्हणून जी गाडी रिकामी तिनं मागं यायचं," आबा म्हणाले. "ती बरोबर होती की नव्हती, हे त्यात येत नाही. मागं येण्यानं रिकाम्या गाडीतून काही सांडत नाही. थोडं धोतर मळतं."

सावली जरा सरकली. शेटे हातातल्या कांडीकडे बघत राहिले. बोलले तेव्हा त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता.

"आबा, माझी गाडी तरी कुठं रिकामी होती? ते मूल माझ्याही घरचं होतं."

"ठाऊक आहे मला," आबा म्हणाले. त्यांनी शेट्यांच्या पाठीवर हात ठेवला. "दोरी तुम्ही वळली होती. तुमच्या गाडीतही आहेच. पण शेट, तुमचं तुम्हालाच विचारा. रेवणला मागं येता येत नाही. तुम्हाला येईल का? तेवढंच बघा. येत नसेल तर मी काही म्हणणार नाही."

उरलेल्या उसातला एक लांब ऊस शेट्यांनी उचलला, खांद्यावर घेतला आणि दिगंबरला म्हणाले, "चल रे माझ्याबरोबर. एकट्याला पाय उचलायचा नाही."

रेवणचे घर पेठेच्या मागच्या आळीत होते. दार उघडे होते. आत गाठोडी बांधलेली, भांडी पोत्यात भरलेली. रेवण एका पेटीला दोर आवळत होता. त्याने मान वर केली. दारात त्याचा थोरला भाऊ उभा होता. सदऱ्याची बाही फाटलेली, धोतर गुडघ्यापर्यंत मातीने भरलेले, खांद्यावर ऊस.

इतक्या महिन्यांचे मौन एका क्षणात विसरून तो उठून उभा राहिला. "अण्णा! पडलास की काय कुठं?"

"नाही रे," शेटे म्हणाले. "गाडी मागं घ्यावी लागली."

"कसली गाडी?"

शेटे उंबऱ्यावरच बसले. ऊस त्यांनी आडवा ठेवला. माफीचा शब्द त्यांनी मागितला नाही. पण जो बोलायचा होता तो त्यांना सापडेना. शेवटी त्यांनी पेटीला आवळलेल्या दोराकडे पाहिले आणि म्हणाले,

"रेवण, ती दोरी मी विकली नव्हती. पैसे नव्हते घेतले. दुकानात खुंटीवर असायची ना ती, रोज समोर दिसायची. मला बघवेना. गिऱ्हाइकानं दोर मागितला तेव्हा वाटलं, जाऊ दे एकदाची डोळ्यांसमोरून. तुला न विचारता दिली. तेवढं चुकलं माझं."

रेवणच्या हातातला दोर सुटला आणि पेटीचे झाकण आपोआप उघडले. तो भावाच्या शेजारी उंबऱ्यावर येऊन बसला आणि गुडघ्यात डोके घालून रडू लागला. ज्येष्ठापासून तो रडला नव्हता, हे त्याच्या बायकोने नंतर सांगितले. शेट्यांनी त्याच्या पाठीवर हात फिरवला. लहानपणी आंघोळ घालून झाल्यावर फिरवत तसाच.

"अण्णा, मी बेंदराला जे बोललो…"

"ते राहू दे. उद्या बोलू. आधी ऊस खा, वाटेत एका बाईनं दिलाय. आणि तुला सांगतो, तिनं मला जे काही ऐकवलं ना, त्यापुढं तुझं काहीच नव्हतं."

रेवणने डोळे पुसत ऊस गुडघ्यावर मोडला. मोठे कांडे भावाला दिले. आत दाराआड उभी असलेली त्याची बायको, गौरा, पदराने तोंड पुसत बाहेर आली. तिने गाठोड्यांकडे पाहिले, मग दिगंबरकडे.

"भाऊ, जाता जाता त्या टेंपोवाल्याला सांगाल का, सकाळी येऊ नको म्हणून? आणि भावजी, तुम्ही बसा. भांडी बांधलीत, पण चहापुरतं पातेलं काढते."

दिगंबर परत आला तेव्हा आबा गोठ्यात कडबा टाकत होते. त्याने झाले ते सगळे सांगितले. आबा मध्ये एकदा थांबले, बैलाच्या कपाळावर हात ठेवून ऐकत राहिले, आणि ऐकून झाल्यावर पुन्हा कडबा टाकू लागले.

"आबा, मी सकाळी निवाडा देऊन मोकळा झालो होतो," दिगंबर म्हणाला. "शेट बरोबर आहेत म्हणून. तुम्हीही म्हणालात, बरोबर आहे."

"होतेच ते बरोबर. म्हणून तर त्यांना मागं येता आलं. चुकलेल्या माणसाला ते फार जड जातं."

दिगंबर गोठ्याच्या खांबाला टेकून बसला. सकाळपासून मनावर कसलातरी ताण होता, तो सैल झाल्यासारखे त्याला वाटले. तो हसून म्हणाला, "शेटजी तुमच्याकडे साइड मागायला आले होते."

"हां. आणि देऊन गेले," आबा म्हणाले. "कडब्याची ती पेंढी इकडं दे."

आपल्या घरातही कधी कुणी समोरून आडवे येते, आणि चूक अगदी स्पष्ट त्याचीच असते. तेव्हा हाक मारून वाद घालण्याआधी त्याच्या गाडीत किती भरले आहे, ते एकदा वाकून पाहावे.